पहिल्या किडनीचे टाके

"थांब. हे कुणी शिवलंय?"

डॉ. रफीक मुजावरांनी हातातला चिमटा तसाच अधांतरी धरला आणि माझ्याकडे पाहिलं. टेबलावर अण्णागोंडा पाटील होते, सांगलीच्या हळदपेठेतले अडते. अठरा वर्षांपूर्वी इथेच, मिरजेत, त्यांच्या पोटात त्यांच्या थोरल्या बहिणीची किडनी बसवली होती. आमच्या भागातलं ते पहिलं प्रत्यारोपण. त्या किडनीनं इतकी वर्षं इमानेइतबारे चाकरी केली आणि आता ती थकली होती. नुसती थकली असती तर तिला राहू दिलं असतं, पण ती आत बसून ताप आणत होती. म्हणून ती काढून टाकायची आणि जखम भरली की दुसऱ्या बाजूला बायकोची किडनी बसवायची, असं ठरलं होतं.

"कुणी म्हणजे? मोठ्या सरांनी," मी म्हटलं. "सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे."

"ते मलाही ठाऊक आहे. तू नीट बघ."

मी वाकले. किडनीची धमनी शरीरातल्या धमनीला जिथे जोडली होती, तिथला चिवट पांढरा भाग मुजावरांनी हलक्या हातानं सोडवला होता. त्यात निळा धागा दिसत होता. हा धागा विरघळत नाही, जन्मभर आत तसाच राहतो. टाके बारीक होते, एकसारखे होते, मन लावून घातलेले होते. फक्त ते भलत्याच बाजूला कलले होते.

ज्यांना आमचा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रक्तवाहिन्या सलग धाग्यानं शिवतात, उशीच्या अभ्र्याची कड शिवावी तशा. उजव्या हातानं शिवलं की टाके एका अंगाला कलतात, डाव्या हातानं शिवलं की दुसऱ्या. जुनं पोट उघडलं की आम्ही आधी टाके बघतो आणि हे अमक्याचं काम म्हणून ओळखतो. मोठे सर उजव्या हाताचे. मुजावर उजव्या हाताचे. आमच्या युनिटात असे उलटे टाके घालणारी व्यक्ती एकच होती, आणि ती मी. पण हे टाके पडले तेव्हा मी इस्लामपूरच्या शाळेत भूमिती गिरवत होते.

"हे तर तुझे टाके, शुभदा," मुजावर हळूच म्हणाले.

सिस्टर एस्तेरनी मास्कवरून आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "टाके मोजायचेत की पोट शिवायचंय?" त्यांनी विचारलं. मग आम्ही कामाला लागलो, पण माझं अर्धं लक्ष त्या निळ्या धाग्यातच अडकून राहिलं.

मोठे सर म्हणजे डॉ. मोरेश्वर इनामदार. उंच, शिडशिडीत, बोलायला तिखट. किडनी बसवायची त्यांची स्वतःची रीत होती. सर्जननं कुठे उभं राहायचं, कुठून पहिला टाका घ्यायचा, धागा कुणी कसा धरायचा, सगळं ठरलेलं. तिला सगळे 'इनामदार पद्धत' म्हणत, आणि पुण्यामुंबईपासून नागपूरपर्यंत माणसं ती शिकायला मिरजेला येत. त्या पद्धतीचा पहिला नियम असा की प्रत्यारोपणाच्या टेबलावर डावखुरा माणूस नको. सर हे भाषणातही सांगत. "टाका घालणारा एकटा नसतो. समोर धागा धरणारा असतो, वेळ पडली तर मधूनच हातात सुई घेणारा असतो. एकाचा हात उलटा असला की तिघांचा गोंधळ होतो."

आणि नशीब बघा, त्यांच्याच युनिटात मी येऊन पडले. दगड काढायला, मूत्राशय शिवायला माझा डावा हात चाले. डायलिसिससाठी मनगटातली शीर धमनीला जोडायची असते, ते बारीक कामही मी डाव्या हातानं करत असे आणि मुजावर तिकडे कानाडोळा करत. पण प्रत्यारोपण आलं की माझ्या हातात जखम उघडी धरायचा आकडा येई. शिवाय सरांनी मला आमच्या संघटनेच्या वार्तापत्राची संपादक करून टाकलं होतं. टेबलावर जिला काम नाही तिच्या हाती लेखणी. कोणत्या इस्पितळाला परवाना मिळाला, कोण परदेशातून शिकून आलं, कुणाच्या पेशंटला किडनी बसल्यावर मुलगा झाला, अशा बातम्या मी डाव्या हातानं लिहीत असे. त्याला मात्र सरांची ना नव्हती.

त्या वर्षी युनिटात कायमची एक जागा निघाली होती. मला ती हवी होती. अशी हवी होती की बोलायची सोय नाही. सरांनी मला बोलावून सरळ सांगितलं होतं, "माळवदे, पुढच्या महिन्यात कोल्हापूरला परिषद आहे. तिथल्या शिवणस्पर्धेत उजव्या हातानं नीट शिवून दाखव, जागा तुझी. नाही जमलं तर विट्याला दवाखाना टाक, मूतखड्यांना तोटा नाही." तेव्हापासून मी सकाळ-संध्याकाळ उशीला उजव्या हातानं टाके घालत होते. उशी सोशिक होती, हात मात्र ऐकत नव्हता.

आणि आता हे निघालं. ज्या पहिल्या शस्त्रक्रियेवर सगळी इनामदार पद्धत उभी होती, तीच मुळी डाव्या हातानं झालेली! त्यातून त्याच कोल्हापूरच्या परिषदेत, त्याच शस्त्रक्रियेसाठी, सरांचा जीवनगौरव होणार होता. त्यांच्यावरचा लेख वार्तापत्रासाठी मलाच लिहायचा होता.

"गप्प बस," चहा पिताना मुजावर म्हणाले. "नसती उठाठेव करू नकोस. मी बोललो ते चुकलं माझं."

"पण सर, मग शिवलं कुणी?"

मुजावरांनी कप खाली ठेवला. कुतूहल त्यांनाही होतंच. "त्या दिवशी टेबलापाशी चौघं होते, एवढं ऐकून आहे. मोठे सर, भूल देणारे भिडे डॉक्टर, ते आता नाहीत, एक सिस्टर, त्याही गेल्या. आणि सरांच्या हाताखाली शरयू हळबे."

"त्या कुठे असतात?"

"बेळगावला. स्वतःचं इस्पितळ आहे. त्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच मिरज सोडून गेल्या. भांडण झालं म्हणतात."

मला एवढं पुरे होतं. सगळं चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. हुशार, डावखुरी बाई. शिवलं तिनं आणि नाव झालं सरांचं. ती भांडून निघून गेली आणि सरांनी डावखुऱ्यांना कायमचं दार बंद केलं. चोराच्या मनात चांदणं! मला सरांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. डाव्या हाताच्या बाईचे टाके अठरा वर्षं टिकले होते.

दुसऱ्या दिवशी मी अण्णागोंडांच्या खाटेपाशी गेले. ताप उतरला होता. ते उशीला टेकून मुलाला हळदीचे भाव विचारत होते.

"पाटील, तुमच्या पहिल्या ऑपरेशनचं काही आठवतं का हो?"

"आवो डॉक्टरीणबाई, मी तर झोपलो हुतो की! तुमी डॉक्टर हाय का पोलीस?"

"तसं नाही हो. लेख लिहायचाय सरांवर."

"मग लिवा. देवमाणूस हाय म्हणून लिवा." मग ते उशीवरून जरा पुढे सरकले. "एक सांगतो. पैले आठ-धा दिवस सर हितनं हाललेच न्हाईत. खाटंजवळ खुर्ची टाकून बसायचे. मला कसं हाय म्हणून इचारायचं न्हाई, त्वांडाकडं बघायचं न्हाई, नुसतं पोटाकडं बघत बसायचं. माझी भन म्हनली, ह्यो डॉक्टर आपल्यापरास जास्ती भ्यालाय. त्या दुसऱ्या बाई हुत्या, हळबेबाई, त्या एकदा त्येंना म्हनल्या, सर, आता तरी सांगा. सर गपच."

"काय सांगा?"

"ते काय मला ठावं? मी आपला पेज पीत हुतो."

मला वाटलं, ही तर ढळढळीत कबुलीच झाली.

कोल्हापूरच्या परिषदेत आमच्या लोकांचा एक रिवाज आहे, म्हणजे तेव्हा होता. पहिल्या दिवशी शिकाऊ सर्जनांची शिवणस्पर्धा असते. मटणाच्या दुकानांतून बोकडांच्या किडन्या आणि धमन्या आणायच्या, प्रत्येकानं धमनीचे दोन तुकडे जोडायचे. मग परीक्षक एका तोंडातून पिचकारीनं लाल रंगाचं पाणी सोडतात. थेंब गळला की माणूस बाद, आणि इनामदार पद्धत सोडून डाव्या हातानं शिवलं तरी बाद. सकाळी ज्या बोकडावर सराव केला, त्याच्याच तांबड्या रश्शावर दुपारी सगळे ताव मारतात, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

शरयू हळबे आल्या होत्या. संघटनेच्या जुन्या सभासद म्हणून त्यांना मानाचं बोलावणं होतं. ठेंगण्या, केस पांढरे झालेल्या, चष्मा साखळीत अडकवलेला. जेवताना मी मुद्दाम त्यांच्या समोर बसले आणि त्यांच्या हातांवर नजर ठेवली. पण आपल्याकडे जेवताना डावखुरा माणूस ओळखू येतो होय? माझ्या आईनं मला चमचा डाव्या हातात धरू दिला, पेन धरू दिलं, पण घास मात्र नाही. बाईही सगळ्यांसारख्या उजव्या हातानंच भाकरी मोडत होत्या.

"काय गं, माझ्या हातात काय बघतेस एवढं? भविष्य सांगतेस काय?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम. दुपारी स्पर्धा आहे. सुरुवातीला तुम्ही एक जोड शिवून दाखवाल का मुलांना? तुम्ही पहिल्या किडनीच्या वेळी होतात."

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "चल की. बोकडाला कसली भीती."

मी त्यांना सुईचा चिमटा दिला, तोही टेबलावर मधोमध ठेवून, म्हणजे कुठल्या हातानं उचलतात ते कळावं. त्यांनी तो उजव्या हातानं उचलला. उजव्या हातानं शिवलं. सफाईनं, गप्पा मारत मारत, सरांच्या पद्धतीनं, आणि टाके कलले ते जगातल्या शेकडा नव्वद सर्जनांचे कलतात त्याच बाजूला.

मी तिथेच उभी राहिले. माझा सगळा तपास बोकडाच्या त्या वीतभर धमनीत बुडाला होता. पोरं टाळ्या वाजवून पांगली तशा बाई माझ्याजवळ आल्या.

"समाधान झालं?"

"मॅडम, अण्णागोंडा पाटलांची जुनी किडनी आम्ही काढली. मी टाके पाहिले."

बाईंनी चष्मा काढला. बराच वेळ त्या तो पदरानं पुसत राहिल्या. "अस्सं," त्या म्हणाल्या. "आणि तुला वाटलं, ते माझे."

"तुमचे नाहीत. मग कुणाचे?"

"तू सर्जन ना? मोजायला येतं की. चौघं होतो आम्ही. भिडे डोक्याशी, सिस्टर ट्रेपाशी, मी इकडे धागा धरून. उरलं कोण?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा संशय एवढ्या लांब बेळगावपर्यंत गेला, आणि ज्यांच्या हातांकडे मी चार वर्षं रोज वॉर्डात बघत होते ते हात मला सुचलेसुद्धा नाहीत. आम्ही सर्जन लोक टाक्यावरून माणूस ओळखतो म्हणतो. पण एका माणसाला दोन हात असतात, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात येत नाही.

"त्यांना विचारू?" मी म्हटलं.

"मी विचारलं होतं. म्हणून तर बेळगावात आहे," बाई म्हणाल्या आणि चष्मा लावून निघून गेल्या.

माझं नाव पुकारलं गेलं. परीक्षक म्हणून सर टेबलाच्या टोकाला बसले होते. मी हातमोजे चढवले, चिमटा उजव्या हातात घेतला, पहिला टाका घातला. दुसरा घातला. वाकडा आला. सरांनी मान किंचित हलवली, धीर द्यावा तशी. मी जिंकावं असं त्यांना वाटत होतं, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. आणि त्याच क्षणी मला असा संताप आला की माझे कान तापले. ज्या हातानं अण्णागोंडाला अठरा वर्षं दिली, तो हात या माणसानं स्वतःचाही लपवला होता आणि माझाही बांधून ठेवला होता.

मी चिमटा डाव्या हातात घेतला.

"माळवदे, हात," सर म्हणाले.

"हो सर," मी म्हटलं आणि शिवत राहिले. हॉलमध्ये कुजबुज झाली. मुजावरांनी कपाळाला हात लावला. हात दाखवून अवलक्षण ते हेच, पण आता मला थांबायचं नव्हतं. हात आपला आपण चालला होता, उशीपाशी कधी चालला नव्हता तसा. शिवून झालं. सर उठून आले. त्यांनी पिचकारीनं लाल पाणी सोडलं, दाब वाढवला, आणखी वाढवला. एक थेंब गळला नाही.

सर वाकून टाके बघत राहिले. पिचकारी रिकामी झाली तरी ते सरळ झाले नाहीत.

"जोड पक्का आहे," शेवटी ते म्हणाले. "नियमाप्रमाणे बाद." आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

जागा गेली, हे मला कळलं होतं. मी हात धुतले आणि बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. रडू येत होतं, पण येत नव्हतंही. काही वेळानं शेजारी कुणीतरी बसलं. सर होते. इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता ते पायरीवर बसले होते.

"शरयूनं सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. मी अण्णागोंडांचे टाके पाहिले. मॅडमनी फक्त मोजायला सांगितलं."

सर समोरच्या रस्त्याकडे बघत बोलायला लागले. मी त्यांना इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"त्याची धमनी कडक झालेली होती. उजव्या हातानं दोन टाके घातले, दोन्ही फाटले. किडनी बर्फातून बाहेर काढलेली. वेळ जात होता. मग कसं कोण जाणे, चिमटा डाव्या हातात आला. मी ठरवलं नव्हतं. शरयू म्हणाली, सर, चालू द्या. बिचारीला माझा धागा धरता येईना, एकदा इकडून धरायची, एकदा तिकडून. पण बसले टाके."

"तुम्ही मुळातले डावखुरे?"

"आमच्या घरी डाव्या हातानं पाटीवर लिहिलं की वडील रूळ मारायचे. हाच हात, हीच बोटं." त्यांनी डावी मूठ उघडून पुन्हा मिटली. "मुंबईत ज्यांच्याकडे शिकलो त्यांनी एका मुलाला याच कारणासाठी हाकललं. माझ्या डोळ्यांदेखत. तोवर मी उजवा झालो होतो. कुणाला पत्ता लागू दिला नाही."

"पण सर, पाटील वाचले! मग तरी सांगायचं."

"आधी तो मरेल म्हणून सांगितलं नाही. लोक म्हणाले असते, डाव्या हातानं मारला. रोज बसून बघत होतो, टाका सुटतो की काय. मग तो वाचला. मग लोक शिकायला यायला लागले. तुमची पद्धत दाखवा म्हणाले. मी जी दाखवली ती चांगलीच होती, माळवदे, त्यात खोट नाही. फक्त ती त्या दिवशी वापरली नव्हती. शरयू म्हणाली सांगा. मी नाही म्हटलं. एकदा बसलेल्या खोट्यावर मजले चढत जातात."

"आणि मला का अडवलंत?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं, आता तिखट काहीतरी येणार.

"मी उजवा झालो तशी तूही होशील असं वाटलं. हे एक. आणि दुसरं म्हणजे मला तुझे टाके बघवत नव्हते. तू मनगटाच्या शिरा जोडायचीस ना, मुजावर मला सांगत नसत, पण मी दारातून बघायचो. बघून घरी गेलो की मला जेवण जात नसे."

राग होता तो होताच, पण त्याच्याशेजारी आता दुसरंही काहीतरी येऊन बसलं होतं. रूळ खाल्लेल्या एका लहान मुलाची मला दया येत होती, आणि त्या मुलाचे केस पिकलेले होते.

"उद्या गौरव आहे," सर उठत म्हणाले. "तू संपादक आहेस. लिहायचं तर लिही. मी अडवणार नाही."

"ती बातमी तुमची आहे, सर. तुम्ही दिलीत तर छापीन."

दुसऱ्या दिवशी सरांना शाल दिली, श्रीफळ दिलं, टाळ्या झाल्या. सर बोलायला उभे राहिले. मी खुर्चीत पुढे सरकून बसले होते, आणि पलीकडच्या रांगेत शरयू हळबेही. सर बोलले ते अण्णागोंडांच्या बहिणीविषयी. भावाला किडनी देऊन तिसऱ्याच आठवड्यात ती म्हशीला वैरण घालायला लागली होती, आणि आम्ही कुणी तिला कधी शाल दिली नाही, असं म्हणाले. पद्धतीचा उल्लेख त्यांनी पहिल्यांदाच टाळला. डाव्या हाताचाही टाळला. खाली बसले. बाईंनी पर्स उचलली आणि बेळगावची गाडी गाठली. मला वाटलं, संपलं. मी वार्तापत्रात चार कोरड्या ओळी छापल्या.

अण्णागोंडांचं दुसरं प्रत्यारोपण आलं तेव्हा मी विट्यात दवाखान्यासाठी जागा बघून आले होते. त्या सकाळी दोन्ही थिएटरं तयार होती. एकात त्यांच्या बायकोची किडनी काढायची, दुसऱ्यात ती त्यांना बसवायची. मी नेहमीप्रमाणे आकडा धरायच्या तयारीनं हात धुऊन आत गेले, तर सर तिथे उभे होते. गाऊन घातलेला, हातमोजे चढवलेले. सरांनी टेबलापाशी उभं राहणं सोडून बरीच वर्षं झाली होती.

"मुजावर, तुम्ही पलीकडे जा, किडनी काढा," सर म्हणाले. "इथे माळवदे शिवेल."

मुजावरांनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "कुठल्या हातानं, सर?"

"तिच्या."

"आणि तिच्या मदतीला?"

"मी आहे."

सिस्टर एस्तेरनी काही न विचारता ट्रे दुसऱ्या अंगाला सरकवला. पलीकडून किडनी आली, बर्फातली, राखाडी, थंडगार. मी चिमटा डाव्या हातात घेतला. मग माझं लक्ष सरांकडे गेलं, आणि ते कुठे उभे आहेत ते दिसलं. मला मदत करताना सगळेच चुकीच्या जागी उभे राहत. त्यांचं कोपर मला लागे, माझं त्यांना. कुठे उभं राहा हे मी कितीदा सांगून दमले होते. सर न सांगता नेमके तिथे उभे होते.

मी पहिला टाका घातला. त्यांनी धागा उचलला आणि ताणून धरला, जितका हवा तितकाच, ज्या बाजूला हवा त्याच बाजूला. दुसरा टाका. तिसरा. पुढच्या टाक्याला जागा कुठे लागणार हे त्यांना माझ्याआधी कळत होतं. इतकी वर्षं कुणी माझा धागा असा धरला नव्हता, आणि मला वाटायचं की शिवणं हे असंच अवघड असतं. अठरा वर्षांपूर्वी त्या दिवशी याच माणसाला कुणीतरी असाच धागा धरून द्यायला हवा होता, हे माझ्या मनात आलं आणि मास्कच्या वर माझे डोळे भरून आले. पुसता येत नाहीत त्या वेळी. तशीच शिवत राहिले.

धमनीवरचा चाप काढला. राखाडी किडनी बघता बघता गुलाबी झाली, टणक झाली, आणि थोड्या वेळानं नळीच्या टोकाशी लघवीचा पहिला थेंब आला. सिस्टर एस्तेर नेहमीप्रमाणे "देवाची कृपा" म्हणाल्या. सरांनी मान डोलावली.

"सुरेख," ते म्हणाले. चार वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. "पोट बंद करायचं?"

"हो सर."

"स्नायूंचा थर मी शिवू?"

मी बाजूला झाले. सिस्टरनी सुई लावलेला चिमटा त्यांच्या उजव्या हातात ठेवला. सरांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि तो डाव्या हातात घेतला. पहिला टाका त्यांनी घेतला तो सैल पडला. उसवला. पुन्हा घेतला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि ज्यांच्याकडे पुण्यामुंबईची माणसं शिकायला येत ते डॉ. इनामदार पहिल्या वर्षाच्या पोरासारखे सुईकडे बघत होते.

"बिचकतोय अजून," ते म्हणाले. मला की हाताला, कळलं नाही.

मी टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले, ते ज्या जागी उभे राहिले होते त्या जागी, आणि त्यांचा धागा धरला.